रेशनवरची वाईन: पॅरिसमधल्या सिरॉसिसचं एक प्रकरण, १९४१ ते १९४८

सिरॉसिस, म्हणजे व्रण साठत जाऊन लिव्हर कडक होणं, हा दहा-वीस वर्षं मुरत जाणारा आजार आहे, असं आम्ही वैद्यकीय कॉलेजात शिकलो आणि पुढे निवासी डॉक्टरांनाही तसंच शिकवत आलो. ते चूक नाही. मग पॅरिस शहरात १९४१ साली लाखामागे ३५ माणसं सिरॉसिसने दगावत होती आणि १९४५-४६ मध्ये तोच आकडा ६ वर आला, याची संगती कशी लावायची? मधल्या चार-पाच वर्षांत लिव्हरसाठी कुठलं नवं औषध निघालं नव्हतं. लिव्हर प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न व्हायला १९६३ उजाडायचं होतं. शहर जर्मनांच्या ताब्यात, लोक अर्धपोटी, हिवाळ्यात जाळायला कोळसा नाही, दवाखान्यांत साध्यासुध्या वस्तूंची टंचाई. अशा दिवसांत आजारांचे मृत्यू वाढायला हवेत. सिरॉसिसचे मात्र जवळपास पाच षष्ठांशाने घटले.

कारण एका वाक्यात सांगता येतं: वाईन मिळेनाशी झाली. पण हे वाक्य वाचून पुढे गेलो तर प्रकरणातली खरी गोष्ट हातून निसटते. दारूच्या पेशंटशी आणि त्याच्या घरच्यांशी रोज बोलणाऱ्याला त्या गोष्टीचा फार उपयोग आहे, म्हणून हे जरा तपशिलात मांडतो.

युद्धाआधीचं पिणं

युद्धाआधी फ्रान्समध्ये वर्षाला दरडोई दीडशे लिटरहून जास्त वाईन खपत होती. दरडोई म्हणजे त्यात तान्ही बाळंही आली आणि थेंबही न घेणाऱ्या आज्याही आल्या. पिणाऱ्या कष्टकरी पुरुषाच्या वाट्याला किती येत असेल याचा अंदाज त्यावरून करा. दिवसाला लिटर-दीड लिटर ही बेवड्याची मात्रा मानली जात नव्हती. ती जेवणाबरोबरची, कामाच्या मधल्या सुट्टीतली, काउंटरला कोपर टेकून उभ्याउभ्या घेतलेली वाईन होती. दारू म्हणजे ब्रँडी, अ‍ॅबसिन्थ वगैरे. अ‍ॅबसिन्थवर १९१५ मध्ये बंदी आली, वाईनला मात्र कुणी हात लावला नाही. लुई पाश्चरनेच तिला सर्वांत आरोग्यदायी पेय म्हणून प्रशस्तिपत्र दिलेलं, मग कोण काय बोलणार? आपल्याकडे "मी पीत नाही हो डॉक्टर, फक्त बिअर" म्हणणारे असतात. समजूत तीच, बाटली वेगळी.

हिशेब करून बघू, कारण आपल्याला वाईनचे लिटर डोळ्यांसमोर येत नाहीत. दहा टक्क्यांची एक लिटर वाईन म्हणजे १०० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनाने साधारण ७९ ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम असतं. म्हणजे पॅरिसच्या कामगाराची रोजची लिटरभर वाईन आपल्या हिशेबात रोजच्या सव्वा क्वार्टरच्या थोडी वर जाते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम. अशा दोन बाटल्या झाल्या की फक्त बिअर घेणारे आपले गृहस्थ त्या कामगाराच्या पुढे गेले.

इतकं रोज पिणाऱ्या सगळ्यांनाच सिरॉसिस होतं असं नाही. वर्षानुवर्षं जास्त पिणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, पण सिरॉसिसपर्यंत पोचणारे साधारण दहा ते वीस टक्के. "आमचे काका सत्तर वर्षांचे झाले, रोज प्यायचे, काही झालं नाही" हे म्हणूनच खरं असू शकतं. उरलेल्या दहा-वीस टक्क्यांत आपण आहोत की नाही हे आधी सांगणारी तपासणी मात्र कुणाकडे नाही.

वाईन गेली कुठे

१४ जून १९४० रोजी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. त्यानंतर वाईनवर चारी बाजूंनी संक्रांत आली. जर्मनांनी वाईनच्या प्रत्येक मोठ्या प्रदेशात आपला सरकारी खरेदीदार बसवला. फ्रेंच उत्पादक त्यांना कुत्सितपणे 'वाईनफ्यूरर' म्हणत. एका मार्काला वीस फ्रँक असा दर लादलेला, त्यामुळे ही खरेदी म्हणजे नावाला खरेदी. काही वाईन थेट भट्टीत जाऊन इंधनाचं अल्कोहोल झाली. रेल्वेचे टँकर लष्कराकडे गेले. द्राक्षबागांतली तरुण माणसं युद्धकैदी म्हणून जर्मनीत अडकली, घोडे सरकारजमा झाले.

आणि मोरचूद, म्हणजे तांब्यापासून बनणारं कॉपर सल्फेट, मिळेना. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना हे लगेच कळेल. डाऊनी या बुरशीवर मारायचं बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. त्याचा जन्मच बोर्डोचा, १८८५ च्या आसपासचा. तांबं युद्धसामग्रीत गेल्यावर फवारायला मोरचूद कुठून आणणार? पावसाळी वर्षात न फवारलेल्या बागेचं काय होतं हे द्राक्षवाल्याला मी सांगायला नको. उत्पादनच बसलं.

व्हिशी सरकारने, म्हणजे हरलेल्या फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या सरकारने, यात स्वतःची भर घातली. हार झाली ती लोक दारूत बुडाले म्हणून, असा या सरकारचा प्रमुख मार्शल पेतँ याच्या मंडळींचा सोयीस्कर सूर होता. ऑगस्ट १९४० मध्ये कायदा करून त्यांनी कडक अपेरिटिफांवर (जेवणाआधी घ्यायच्या दारूवर) बंदी घातली, पास्तिस ही बडीशेपेच्या स्वादाची दारू बंद केली, कॅफेत दारू न विकण्याचे वार ठरवले. वाईन रेशनवर गेली. रेशनकार्डावर वय आणि काम बघून एकेक अक्षर असे: २१ ते ७० वयाच्या साध्या प्रौढाला 'ए', अंगमेहनतीच्या कामगाराला 'टी', सत्तरीपुढच्यांना 'व्ही'. मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण एक लिटर वाईन मिळे, तीही दुकानात आलेली असली तर. जो माणूस दिवसाला लिटर पीत होता त्याच्या वाट्याला आता दिवसाला अकरा-बारा ग्रॅम अल्कोहोल येत होतं. तीस मिलीच्या लहान पेगपेक्षा थोडं जास्त, इतकंच.

काळा बाजार होता. न पिणारे आपल्या वाटची वाईन तंबाखूच्या किंवा लोण्याच्या बदल्यात देत. पण काळ्या बाजारात पैसे मोजावे लागतात आणि रोज लिटर पिणारा माणूस मुख्यतः मजूर. त्याला ती परवडत नव्हती.

मृत्यूंची वही

रेशन लागू झाल्यावर पहिल्याच वर्षात सिरॉसिसचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. पाच वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त घट झाली. १९४७-४८ मध्ये रेशन उठलं, बागा सावरल्या, टँकर परत धावू लागले, आणि १९४८ पासून आकडा पुन्हा चढू लागला.

ही आकडेवारी जगापुढे आणण्यात फ्रान्सच्या राष्ट्रीय लोकसंख्या संस्थेतला संशोधक स्यूली लेदरमान याचा मोठा वाटा. त्याने १९५६ आणि १९६४ मध्ये दोन खंडांत आपलं काम प्रसिद्ध केलं. समाजातलं सरासरी पिणं वाढलं की अतिपिणाऱ्यांची संख्या त्याहून वेगाने वाढते, हे त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने मांडलेल्या गणिती सूत्रावर पुढे बरीच टीका झाली. सूत्र फार ताठर होतं हे खरंच आहे. पण टीकाकारांनाही पॅरिसचे आकडे बाजूला सारता आले नाहीत.

शंका घ्यायला हव्यात

युद्धकाळातल्या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. पहिली शंका माणसांची. जून १९४० मध्ये लाखो लोक शहर सोडून पळाले, बरेच परतले, काही परतले नाहीत. तरुण कैदेत होते, १९४३ पासून सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीत नेले जात होते, ज्यूंना पकडून छळछावण्यांत पाठवलं जात होतं. शहरात उरलेली लोकसंख्या १९३९ सारखी नव्हती. मात्र सिरॉसिसने मरणारा माणूस बहुतेक पन्नाशीच्या आसपासचा असतो, आणि शहरात मागे राहिला होता तो मुख्यतः याच वयाचा माणूस. तरुण गेल्यामुळे लाखामागचा दर उलट वाढायला हवा होता.

दुसरी शंका: हे लोक आधीच दुसऱ्या कशाने तर मेले नसतील? क्षय, न्यूमोनिया, थंडी. थोडेफार मेले असणार. पण त्याने पाच षष्ठांश भरून निघत नाही, आणि रेशन उठल्यावर आकडा पुन्हा का चढला याचं उत्तरही मिळत नाही. दाखल्यावर कारण चुकीचं लिहिलं गेलं असेल ही तिसरी शंका. तिलाही तेच उत्तर. चुकीचं लिहायची सवय वाईनच्या पुरवठ्याबरोबर कमी-जास्त होत नाही.

चौथी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती जेवणाची. पॅरिसमध्ये कागदावर मिळणारं रेशन दिवसाला साधारण १,२०० कॅलरींच्या आसपास होतं. लोणी नाही, मटण नाही, साखर मोजून. गंमत अशी की त्या काळचं वैद्यकशास्त्र सिरॉसिसचा दोष दारूपेक्षा उपासमारीला देत होतं. पिणारा माणूस नीट जेवत नाही, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, म्हणून लिव्हर खराब होतं, असा तर्क. इन्सुलिनच्या शोधातला चार्ल्स बेस्ट आणि त्याचे सहकारी १९४९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून इथवर आले की शुद्ध अल्कोहोल लिव्हरच्या पेशींना साखरेपेक्षा जास्त विषारी असल्याचा पुरावा नाही. हा तर्क बरोबर असता तर १९४२-४५ च्या भुकेल्या पॅरिसमध्ये सिरॉसिसने थैमान घालायला हवं होतं. घडलं उलटं. ताटातलं कमी झालं, पेल्यातलंही कमी झालं, आणि लिव्हर वाचली. पुढे न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लीबरने साठच्या दशकात माणसांवर आणि सत्तरच्या दशकात बबून माकडांवर प्रयोग करून दाखवलं की उत्तम आहार देऊनही अल्कोहोल लिव्हर खराब करतं. पॅरिसचे आकडे हे आधीच सांगत होते, कुणी नीट ऐकलं नाही.

'पिताना खाल्लं की लिव्हरला काही होत नाही' हा समज आजही प्रत्येक टेबलावर चकण्याच्या बशीसोबत येतो. खाण्याने दारू रक्तात हळू चढते. किती ग्रॅम लिव्हरपर्यंत पोचले त्यात त्याने नाव घेण्याजोगा फरक पडत नाही.

उपासमारीची दुसरी बाजूही सांगायला हवी. पॅरिसकरांच्या अंगावरची चरबी उतरली, रक्तातली साखर उतरली. वाढलेलं पोट आणि मधुमेह दारूच्या जोडीला असला की लिव्हर फार लवकर बिघडतं, हे आता पक्कं कळलं आहे. २०२३ मध्ये चरबीच्या लिव्हर आजारांची नवी वर्गवारी झाली तेव्हा या दोन्हींच्या मिश्रणाला वेगळं नाव द्यावं लागलं. तेव्हा त्या पाच षष्ठांशातला काही वाटा लोण्या-साखरेच्या टंचाईचाही असावा. माझ्या मते तो लहान आहे.

वीस वर्षांचा आजार एका वर्षात कसा उतरला

आता मुख्य कोड्याकडे येऊ. लिव्हरवरचे व्रण वीस वर्षांत तयार होत असतील तर १९४२ मध्ये मरणार होते त्यांचे व्रण १९४० च्या आधीच झालेले होते. वाईन थांबल्याचा परिणाम दिसायला १९५५-६० उजाडायला हवं होतं. तो वर्षात दिसला.

नॉर्वेचा समाजशास्त्रज्ञ ओले-यॉर्गन स्कॉग याने १९८० च्या सुमारास यावर जे स्पष्टीकरण दिलं ते मला सर्वांत पटतं. समाजात कुठल्याही वेळी लिव्हर बिघडत चाललेल्या लोकांचा एक मोठा साठा असतो. कुणी सुरुवातीला, कुणी मध्यावर, काही अगदी काठावर. भरलेल्या धरणासारखं समजा. पाऊस पडत राहिला की सांडव्यावरून पाणी वाहतं, आणि ते वाहणारं पाणी म्हणजे आपण मोजतो ते मृत्यू. पाऊस थांबला की सांडवा त्याच हंगामात थांबतो, धरण भरलेलं असलं तरी. काठावरच्या माणसाला पलीकडे ढकलणारी दारू बहुतेक वेळा या वर्षातली, या महिन्यातली असते. वीस वर्षांपूर्वीच्या दारूने त्याला फक्त काठावर आणून ठेवलेलं असतं.

शरीराच्या आत काय होतं ते पाहिलं तर हे आकडे अजिबात विचित्र वाटत नाहीत. सिरॉसिसचा पेशंट व्रणांमुळे सहसा मरत नाही. तो रक्ताच्या उलटीने मरतो, पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊन मरतो, गुंगीत जाऊन मरतो, किडन्या बंद पडून मरतो, किंवा आधीच दमलेल्या लिव्हरवर दारूची नवी सूज चढून कावीळ वाढत जाऊन मरतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला चालू पिणं खतपाणी घालतं. लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब पिण्याने वाढतो, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात. आतड्याची भिंत झिरपती होते, जंतूंचे अंश थेट लिव्हरवर येऊन आदळतात. दारूच्या तीव्र सुजेने दाखल झालेल्या पेशंटपैकी साधारण तीन-चारांतला एक तीन महिन्यांच्या आत जातो, मग आम्ही स्टिरॉइड देवो वा न देवो. पिणं थांबलं की लिव्हरमधली चरबी काही आठवड्यांत उतरते, सूज ओसरते, दाब खाली येतो. व्रण तसेच राहतात किंवा फार सावकाश विरघळतात. पण माणूस जिवंत राहतो. मृत्यूच्या वहीला तेवढंच कळतं.

स्कॉगच्या मांडणीने १९४८ नंतरची चढणही उलगडते. तोवर बऱ्याच लोकांच्या लिव्हरना सहा-सात वर्षांची विश्रांती मिळाली होती, म्हणून आकडा एका झटक्यात ३५ वर गेला नाही, पुढच्या वर्षांत चढत गेला.

"आता सोडून काय फायदा?"

हे प्रकरण मी वॉर्डात पुन्हा पुन्हा वापरतो ते एका वाक्यामुळे. पोटात पाणी झालेला पेशंट कॉटवर अर्धवट बसलेला असतो. कुशीत सुई, सुईला सलाईनची नळी, नळीतून फिकट पिवळं पाणी खाटेखालच्या बाटलीत उतरतंय. हात काड्यांसारखे, डोळे पिवळे. पायथ्याशी बायको डबा घेऊन उभी. राउंड जवळ आला की तो म्हणतो, "साहेब, आता सोडून काय फायदा? व्हायचं ते होऊन गेलं." बायको काही बोलत नाही. कधीकधी भाऊच त्याच्या वतीने बोलतो: "शेवटचे दिवस आहेत, थोडी थोडी घेऊ द्या."

पॅरिस या वाक्याला सरळ उत्तर देतं. १९४२ मध्ये जे मेले नाहीत ते याच्यासारखेच होते. त्यांचंही व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. त्यांनी कुठली शपथ घेतली नव्हती, माळ घातली नव्हती. त्यांना फक्त वाईन मिळाली नाही.

एकेका पेशंटच्या पातळीवरचा पुरावाही जुना आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पॉवेल आणि क्लॅट्स्किन यांनी १९६८ मध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या पेशंटचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. दारू सोडणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी ६३ टक्के जिवंत होते, पीत राहिलेल्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास. पोटात पाणी झालेल्यांत आणि कावीळ झालेल्यांतही सोडणाऱ्यांचं पारडं जड होतं. हा अभ्यास त्या वेळचा आहे जेव्हा दुर्बिणीतून शिरा बांधणं नव्हतं आणि आजच्यासारखी अँटिबायोटिक्सही नव्हती.

भावाला मी इतकंच सांगतो की थोडी थोडी घेतल्याने शेवटचे दिवस सुखाचे होत नाहीत. रक्ताची उलटी घरात होते, आणि ती पाहिलेली मुलं ती विसरत नाहीत. त्यापेक्षा दोन अंडी, डाळ, दूध, रात्री झोपताना काहीतरी खाणं, मीठ कमी, यावर भर द्या. 'लिव्हर खराब आहे, जड देऊ नका' म्हणून घरोघरी या पेशंटना साबुदाण्याच्या पेजेवर ठेवतात आणि त्यांचे उरलेसुरले स्नायूही झिजतात. वजनाच्या किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं त्यांना लागतात. पॅरिसकर भुकेले असूनही वाचले, म्हणून पेशंटला भुकेलं ठेवावं असा अर्थ कुणी काढू नये.

बंदी आणि रेशन

हे प्रकरण ऐकवलं की कुणीतरी लगेच म्हणतं, म्हणजे दारूबंदी करा. पॅरिसमध्ये दारूबंदी नव्हती. आठवड्याला एक लिटर मिळत होती. रेशनचं वैशिष्ट्य असं की ते सर्वांत जास्त पिणाऱ्याचा हात धरतं. आठवड्याला दोन ग्लास घेणाऱ्या बाईला फरक पडला नाही, दिवसाला दीड लिटर पिणाऱ्याचं पिणं दहाव्या हिश्शावर आलं. लिव्हरचे मृत्यू त्याच गटातून येतात.

बंदीचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेत पुरुषांमधला सिरॉसिसचा मृत्युदर १९११ मध्ये लाखामागे २९.५ होता, १९२९ मध्ये १०.७. पण तिथली घसरण देशव्यापी बंदी लागू होण्याआधीच, पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली होती. बंदीने तो दर खाली धरून ठेवला असं म्हणणं जास्त योग्य. बंदीबरोबर अमेरिकेला काय काय मिळालं ते सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याकडे वर्धा, गडचिरोली आणि काही काळ चंद्रपूर. गडचिरोलीची बंदी १९९३ ची, लोकांच्या चळवळीतून आलेली, आणि ती टिकली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. ती उठवताना अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी ही कारणं दिली गेली. पुरवठा बंद होऊन पुन्हा चालू झाला, म्हणजे रचनेने हे पॅरिसच्या जवळचं प्रकरण. पण पॅरिसमध्ये बाहेरून चोरून आणायलाही फारशी वाईन नव्हती, चंद्रपूरच्या शेजारी नागपूर, यवतमाळ आणि तेलंगणाच्या बाजूला दुकानं उघडी होती. शिवाय इथे हातभट्टी आणि मोह आहेच. पुरवठा खरोखर किती घटला हे कळल्याशिवाय बंदी चालली की नाही यावर वाद घालण्यात हशील नाही. दारूबंदीवरच्या आपल्या चर्चा नेमक्या इथेच नीतीच्या आणि महसुलाच्या गोष्टींकडे वळतात, लिव्हरचा विषय राहून जातो.

एकदम तोडण्यातला धोका

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो: माणूस घामाघूम, हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाही. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो. घरात कोंडून ठेवून किंवा देवाच्या नावाने सोडवताना घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. दवाखान्यात या काळात झोपेच्या गटातली औषधं मोजून देतात आणि थायमिन, म्हणजे बी-१, टोचतात. ग्लुकोजची सलाईन लावायची तर थायमिन तिच्या आधी, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. लिव्हर खूपच खराब असेल तर कुठलं औषध द्यायचं तेही बदलतं.

आणि चहात किंवा भाजीत मिसळून नकळत द्यायच्या पुड्या. 'पेशंटला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असतात. त्यांत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना वर दारू गेली तर रक्तदाब कोसळतो, आणि खराब लिव्हरला ते औषध स्वतःच घातक ठरू शकतं. त्या बायकोची घालमेल मला कळते. तरीही ही पुडी घरात आणू नये.

सोडल्यानंतर

पॅरिसच्या आकड्यांतून एक गोष्ट दिसत नाही, कारण ती दिसायला वेळ लागतो. सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सर होण्याचा धोका दारू सोडल्यावर कमी होत जातो, पण बरीच वर्षं उरतो. म्हणून चांगले बरे झालेले, वजन वाढलेले, कामावर परत गेलेले पेशंट तक्रार करतात: "सोडली ना दारू, मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला?" गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असताना सापडली तर काढता किंवा जाळता येते, त्यासाठी. बरोबर अन्ननलिकेतल्या शिरा बघायला एंडोस्कोपी, हिपॅटायटिस बीची लस आधी घेतली नसेल तर ती, आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर बंद. ताप आलाच तर पॅरासिटामॉल चालतं, चोवीस तासांत दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्यांपर्यंत. पुढच्या तपासणीची तारीख आम्ही कार्डावर लाल पेनाने लिहून देतो आणि घरातल्या कुणाचा तरी नंबर घेऊन ठेवतो, कारण तारीख चुकली तर बहुतेक वेळा पिणं पुन्हा सुरू झालेलं असतं आणि फोन बायको उचलते.